डिजिटल फोटोफ्रेम : क्लाउडशिवाय, घरच्या घरी

डिजिटल फोटोफ्रेम म्हणजे एकामागून एक फोटो दाखवणारा छोटा पडदा. पडद्यामागे एक प्रोसेसर, थोडी मेमरी आणि फोटोची फाइल उलगडून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. हा प्रोग्राम एक फोल्डर उघडतो, त्यातली पहिली फाइल वाचतो, ठरलेला वेळ ती पडद्यावर ठेवतो आणि पुढच्या फाइलकडे वळतो. शेवटची फाइल झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. या सगळ्या कामाला इंटरनेट लागत नाही. फोटोंचा फोल्डर मात्र कुठेतरी असावा लागतो : फ्रेममधल्या मेमरी कार्डावर, घरातल्या संगणकावर किंवा एखाद्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर. यातल्या तिसऱ्या सोयीला क्लाउड म्हणतात. पहिल्या दोन जागा आपल्या ताब्यातल्या आहेत आणि उत्तम फ्रेम चालवायला त्या पुरेशा आहेत.

क्लाउडवरच्या फ्रेमची अडचण

बाजारातल्या बऱ्याच वाय-फाय फ्रेम सुरू करताना कंपनीच्या ॲपवर खाते उघडावे लागते. फोनवरून निवडलेला फोटो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून फ्रेमवर उतरतो. परगावच्या नातवाचा फोटो आजीच्या फ्रेमवर मिनिटभरात दिसतो, ही सोय खरीच मोलाची आहे. पण फ्रेम भिंतीवर असली तरी तिची चावी दुसऱ्याच्या हातात राहते. कंपनीने सेवा बंद केली, शुल्क लावले किंवा नियम बदलले, तर चालू स्थितीतली फ्रेमही निरुपयोगी होऊ शकते.

असे बदल प्रत्यक्ष घडले आहेत. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. तेव्हापासून नवे फोटो खात्याच्या १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात. ३१ मार्च २०२५ पासून, बाहेरच्या ॲपना वापरकर्त्याच्या परवानगीने त्याचा संपूर्ण संग्रह वाचता येण्याची जी वाट होती, तीही बंद झाली. तिच्यावर विसंबलेल्या फ्रेम-प्रोग्रामना नवी वाट शोधावी लागली. वापरणाऱ्यांच्या फ्रेममध्ये काहीच बिघाड नव्हता. बदलले ते दुसऱ्या टोकाचे दार.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्रासोबत ‘एक्झिफ’ नावाची नोंद असते. फोटो कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कॅमेऱ्याने काढला हे तिच्यात लिहिलेले असते आणि फोनचे लोकेशन चालू असेल तर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. घरातल्या लहान मुलांचे फोटो घराच्या पत्त्यासकट दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन बसणे अनेक कुटुंबांना नकोसे वाटते आणि ते रास्तच आहे.

काही फ्रेम मधला मार्ग काढतात : फोटो सर्व्हरवरून फक्त प्रवास करतो आणि साठतो मात्र फ्रेमच्याच मेमरीत. सेवा बंद पडली तर नवा फोटो येत नाही, पण आलेले फोटो दिसत राहतात. अशा फ्रेमला कार्डाची खाचही असेल, तर इंटरनेट न जोडताही तिचा उपयोग होतो.

फ्रेम निवडताना

क्लाउडशिवाय चालवायची फ्रेम घेताना पहिली पाहणी मागच्या बाजूची करावी. एसडी कार्डाची खाच किंवा पेन ड्राइव्ह लावायची यूएसबी जागा हवीच. दुसरी गोष्ट, खाते न उघडता आणि वाय-फाय न जोडता फ्रेम सुरू होते का, हे दुकानातच करून पाहावे. केवळ ॲपच्या भरवशावर चालणारी फ्रेम कितीही देखणी असली तरी या कामाची नाही.

त्यानंतर पडदा. १० इंची फ्रेममध्ये १२८० × ८०० पिक्सेलचा पडदा सर्रास मिळतो. स्वस्त फ्रेममध्ये १०२४ × ६०० असतो. पडद्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. आयपीएस पडदा बाजूने, वरून, खालून कसाही पाहिला तरी रंग सारखे दिसतात. टीएन पडदा समोरून ठीक वाटतो, पण खालून पाहिल्यास काळपट पडतो किंवा रंग उलटल्यासारखे दिसतात. फ्रेम उंच फळीवर किंवा भिंतीवर लावायची असेल, तर आयपीएसच घ्यावी.

रात्री आपोआप बंद होऊन सकाळी चालू होण्याची सोय, फोटो बदलण्याचा वेळ ठरवण्याची मुभा आणि फोटो क्रमाने किंवा सरमिसळ दाखवण्याचा पर्याय या तीन सेटिंग असल्या की रोजचा वापर सुखाचा होतो.

फोटोंची तयारी : आकार

फ्रेम चांगली चालणे न चालणे बहुतांशी फोल्डरच्या तयारीवर ठरते. फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असतो. १२८० × ८०० च्या पडद्यावर ठिपके मावतात जेमतेम १० लाख २४ हजार. उरलेले फ्रेमला टाकूनच द्यावे लागतात आणि ते टाकण्यासाठी आधी वाचावे लागतात. जेपेग फाइल ३-४ एमबीची दिसली, तरी ती दाबून भरलेली असते. उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट या हिशेबाने तोच फोटो ३६ एमबी मेमरी व्यापतो. तोच पडद्याच्या मापाचा करून दिला, तर सुमारे ३ एमबीत काम होते. स्वस्त फ्रेम फोटो बदलताना अडखळते किंवा मधूनच बंद पडते, त्यामागे अनेकदा हे ओझे असते.

फोटो लहान करण्याचा जागेलाही फायदा होतो. पडद्याच्या मापाचा जेपेग फोटो साधारण ३०० केबीचा धरला, तर ३२ जीबीच्या एका कार्डावर लाखभर फोटो मावतात. शेकडो फोटो एकेक करून लहान करत बसावे लागत नाही. विंडोजवर इरफानव्ह्यू, लिनक्सवर इमेजमॅजिक आणि दोन्हीकडे एक्सएनकन्व्हर्ट हे प्रोग्राम अख्ख्या फोल्डरवर एकदम काम करतात. एकच नियम कटाक्षाने पाळावा : मूळ फोल्डरला हात लावायचा नाही, लहान केलेल्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये काढायच्या.

लांबी-रुंदीचे गणित

फोनचा फोटो बहुधा ४:३ या प्रमाणाचा, मोठ्या कॅमेऱ्याचा ३:२ चा, तर फ्रेमचा पडदा १६:१० किंवा १६:९ चा असतो. मापे जुळत नसल्याने फ्रेमपुढे दोनच पर्याय उरतात. पूर्ण फोटो दाखवायचा, तर १२८० × ८०० च्या पडद्यावर ४:३ चा आडवा फोटो १०६७ × ८०० जागा घेतो आणि दोन्ही कडांना शंभरेक पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. पडदा भरून टाकायचा, तर फोटोच्या उंचीचा सहावा भाग वर-खाली छाटला जातो. निसर्गचित्रात हे खपते. लग्नाच्या समूहछायाचित्रात मागच्या रांगेची डोकी जातात.

उभ्या फोटोंची स्थिती आणखी बिकट. आडव्या पडद्यावर पूर्ण उभा फोटो अवघी ६०० पिक्सेल रुंदी व्यापतो. अर्ध्याहून अधिक पडदा रिकामा राहतो. यावर चांगला उपाय म्हणजे एकाच प्रसंगाचे दोन उभे फोटो शेजारी-शेजारी जोडून एक आडवा फोटो करणे. संग्रहात उभे फोटोच जास्त असतील, तर फ्रेमच उभी ठेवावी. माणसांचे फोटो हाताने छाटावेत आणि चेहऱ्यांच्या वर मोकळी जागा राखावी. हे काम यंत्रावर सोपवू नये.

फाइलचा प्रकार आणि दिशा

जवळजवळ प्रत्येक फ्रेम जेपेग फाइल वाचते. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन मात्र फोटो ‘हाइक’ प्रकारात साठवतात आणि बहुतेक फ्रेमना तो वाचता येत नाही. असे फोटो जेपेगमध्ये बदलून घ्यावेत किंवा आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जास्तीत जास्त उपकरणांना चालणारा प्रकार निवडून ठेवावा.

जेपेगचेही दोन प्रकार आहेत. ‘बेसलाइन’ जेपेग वरून खाली ओळीओळीने उलगडतो. ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपेग आधी संपूर्ण चित्र धूसर दाखवून मग स्पष्ट करत नेतो. संथ इंटरनेटवर पाने उघडताना त्याचा उपयोग होतो. अनेक साध्या फ्रेमना हा दुसरा प्रकार उमजत नाही. संगणकावर व्यवस्थित उघडणारा फोटो फ्रेमवर कोरा दिसला, तर आधी हेच कारण तपासावे आणि फोटो पुन्हा साठवताना ‘प्रोग्रेसिव्ह’ची खूण काढून टाकावी.

आडवा पडलेला फोटो ही आणखी एक नेहमीची तक्रार. फोन उभा धरून फोटो काढला, तरी कॅमेरा ठिपके आडवेच नोंदवतो आणि ‘दाखवताना एवढे वळवा’ अशी सूचना एक्झिफमध्ये लिहितो. फोन आणि संगणक ती सूचना पाळतात. जुन्या फ्रेम पाळत नाहीत. इरफानव्ह्यूसारख्या प्रोग्राममध्ये एक्झिफप्रमाणे फोटो प्रत्यक्ष वळवून साठवण्याची सोय असते. लहान करतानाच ती वापरली की हा प्रश्न उरत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळे पारखावेत. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करते आणि त्याची एक्झिफ नोंदही निघून जाते. १० इंची फ्रेमला असा फोटो चालून जातो, पण तो केव्हा काढला हे फाइल सांगू शकत नाही. नातेवाइकांकडून फोटो मागवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. मग मूळ फाइल तारखेसकट जशीच्या तशी मिळते.

जुने कागदी फोटो

अल्बममधले फोटो फ्रेमवर आले की तिला खरी रंगत येते. ४ × ६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केला, की १२०० × १८०० पिक्सेलचा होतो आणि फ्रेमला तेवढा पुरतो. पासपोर्ट आकाराच्या छोट्या फोटोसाठी ६०० डीपीआय ठेवावे. स्कॅनर नसेल तर फोटो प्लॅस्टिकच्या कप्प्यातून बाहेर काढून, खिडकीजवळच्या मवाळ उजेडात सपाट ठेवावा आणि फ्लॅश न लावता फोन अगदी समांतर धरून टिपावा. कागद चिकटून बसला असेल तर ओढू नये. तो फाटला की पुन्हा मिळत नाही. फोटोतल्या माणसांची नावे आणि साल, ठाऊक असणारे थोरले जवळ आहेत तोवर विचारून लिहून ठेवावे.

नावे आणि क्रम

बहुतेक फ्रेम फोटोंचा क्रम फाइलच्या नावावरून लावतात. कॅमेऱ्यातले क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतात, त्यामुळे नवे फोटो जुन्यांच्या आधी जाऊन बसतात. नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू केले की फोटो आपोआप काळाच्या ओळीत लागतात. महिना आणि दिवस नेहमी दोन अंकी लिहावेत. फ्रेम नावाकडे अक्षरांची ओळ म्हणून पाहते. तिच्या लेखी १० हा २ च्या आधी येतो, पण ०२ हा १० च्या आधीच राहतो. फाइलची आणि फोल्डरची नावे इंग्रजी अक्षरांत व अंकांत ठेवावीत, कारण देवनागरी नावांच्या जागी काही फ्रेमवर नुसत्या चौकटी उमटतात.

कार्डाचा मार्ग

सगळ्यात सोपी आणि टिकाऊ पद्धत मेमरी कार्डाची आहे. २ जीबीपर्यंतची कार्डे एसडी, त्यापुढे ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी आणि त्याहून मोठी एसडीएक्ससी म्हणून ओळखली जातात. एसडीएचसी कार्ड ‘फॅट ३२’ पद्धतीने मांडलेले असते, एसडीएक्ससी ‘एक्सफॅट’ने. अनेक फ्रेमना फॅट ३२ च कळते, म्हणून ३२ जीबीचे कार्ड हा निर्धोक पर्याय. फोटोंना इतकी जागा भरपूर होते.

कार्ड संगणकात घालून फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करावे, तयार फोल्डर त्यावर उतरवावा, ‘इजेक्ट’ करूनच बाहेर काढावे आणि फ्रेममध्ये घालावे. ॲपलच्या संगणकावरून कार्ड भरल्यास प्रत्येक फोटोमागे ठिपक्याने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल तयार होऊ शकते. फ्रेम तिलाही फोटो समजून उघडायला जाते आणि चूक दाखवते. अशा फाइल काढून टाकाव्यात.

फ्रेम थेट यूएसबी केबलने संगणकाला जोडण्यापेक्षा कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालणे चांगले. अमेरिकेत २००७ च्या नाताळात विकल्या गेलेल्या काही डिजिटल फ्रेममध्ये कारखान्यातूनच संगणकाचे व्हायरस आल्याचे पुढे उघड झाले होते. अनोळखी बनावटीची फ्रेम संगणकापासून दूर ठेवलेलीच बरी.

फोटो बदलत राहायला हवे असतील, तर एकाच मापाची दोन कार्डे ठेवावीत. एक फ्रेममध्ये, दुसरे भरायला. मुले-नातवंडे पुण्या-मुंबईत आणि आई-वडील गावाकडे असतील, तर दिवाळीला किंवा गणपतीला जाताना नवे कार्ड न्यावे आणि जुने परत आणावे. आई-वडिलांना कोणतेही ॲप शिकावे लागत नाही आणि वाय-फायचा पासवर्डही सांभाळावा लागत नाही.

जुना टॅब

कपाटात पडलेला टॅब ही तयार फ्रेमच असते. त्यात फोटोंचा फोल्डर उतरवावा, स्लाइड शो दाखवणारे, इंटरनेट न मागणारे ॲप घालावे, पडदा आपोआप बंद होण्याचे सेटिंग काढावे आणि विमान मोड लावून तो स्टँडवर ठेवावा. खरी काळजी बॅटरीची घ्यावी. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर खराब होते आणि कधी फुगते. म्हणून चार्जर टायमरच्या प्लगवर लावून दिवसातून ठरावीक तासच चालू ठेवावा. टॅबची पाठ उचललेली दिसली किंवा पडदा कडेने सुटू लागला, तर वापर ताबडतोब थांबवावा आणि बॅटरी दाबू किंवा टोचू नये.

रास्पबेरी पाय आणि घरातले वाय-फाय

कार्ड न हलवता फोटो बदलायचे असतील, तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक उपयोगी पडतो. तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रथम विक्रीला आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेला ‘झीरो २ डब्ल्यू’ हा ५१२ एमबी मेमरीचा नमुना फोटोफ्रेमला पुरतो. त्यासोबत जुना मॉनिटर, मिनी-एचडीएमआयची केबल, ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा अडॅप्टर आणि एक मायक्रो एसडी कार्ड लागते. कार्डावर रास्पबेरी पायची प्रणाली उतरवली, की ‘फेह’सारखा छोटा, मोफत प्रोग्राम सुरू होताच फोल्डरमधले फोटो पूर्ण पडद्यावर दाखवू लागतो.

फोटो त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत. ‘सांबा’ या प्रोग्रामने तो फोल्डर घरातल्या वाय-फायवर सगळ्यांना दिसतो आणि फोनवरून किंवा संगणकावरून त्यात फोटो टाकता येतात. दुसरा मार्ग ‘सिंकथिंग’चा. हा मोफत प्रोग्राम दोन उपकरणांतले फोल्डर परस्पर एकसारखे ठेवतो. मध्ये फोटो साठवणारा सर्व्हर नसतो. त्याच्या सेटिंगमधले ‘ग्लोबल डिस्कव्हरी’ आणि ‘रिले’ हे पर्याय बंद केले, की उपकरणे एकमेकांना घरच्या नेटवर्कवरच शोधतात. या पद्धतीत फोनवर पुसलेला फोटो फ्रेमवरूनही पुसला जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

इंटरनेट नसलेल्या रास्पबेरी पायपुढे एक वेगळीच अडचण येते. झीरो २ डब्ल्यूमध्ये स्वतःचे घड्याळ नसते. तो वेळ इंटरनेटवरून घेतो. जोडणी नसताना वीज गेली, की त्याची वेळ चुकते आणि रात्री दहाला बंद व्हायचा पडदा भलत्याच वेळी बंद होतो. ‘डीएस ३२३१’ हे नाण्याएवढ्या सेलवर चालणारे घड्याळाचे छोटे सर्किट जोडले, की हा प्रश्न मिटतो.

वीज अचानक गेल्याने कार्डावरची प्रणालीही बिघडू शकते. कार्डावर काही लिहिले जात असतानाच वीज तुटली, तर फाइल अर्धवट राहते. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’चा पर्याय आहे. तो लावल्यावर सगळे बदल तात्पुरत्या मेमरीत होतात आणि कार्डावर काहीच लिहिले जात नाही. नवे फोटो घालताना तो काढावा किंवा फोटो वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावेत. वारंवार वीज जाणाऱ्या गावात ही खबरदारी आवश्यकच आहे.

विकतची वाय-फाय फ्रेम घरच्या नेटवर्कवर ठेवायची असेल, तर राउटरच्या ‘पेरेंटल कंट्रोल’मध्ये त्या उपकरणाचे इंटरनेट बंद करता येते. फ्रेम घरातला फोल्डर वाचू शकणारी असेल तर तिचे काम चालू राहते. बाहेर मात्र काही जात नाही.

वेळ, उजेड, वीज

फोटो दर ५ सेकंदांनी बदलला तर तो पाहण्याऐवजी नुसती हालचाल जाणवते. बैठकीच्या खोलीत अर्धे ते एक मिनिट योग्य. मिनिटाला एक या गतीने १२ तासांत ७२० फोटो होतात. म्हणजे ५००-७०० निवडक फोटोंचा संच रोज एकदा पूर्ण दिसतो. पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाशी जुळेल इतका कमी करावा, म्हणजे फ्रेम टीव्हीसारखी झगमगत नाही आणि फोटो कागदी छायाचित्रासारखा शांत दिसतो. खिडकीच्या थेट समोर ती ठेवू नये.

१० इंची फ्रेमला साधारण ८ वॅट धरले, तर दिवसाला १२ तास चालून महिन्याला तीनएक युनिट वीज लागते. रात्रभर चालू ठेवल्यास हा आकडा दुप्पट होतो.

मूळ प्रती

फ्रेममधले कार्ड हे फोटो दाखवण्याचे साधन आहे, जपण्याचे नव्हे. त्यावरचे फोटो लहान केलेले असतात आणि मेमरी कार्ड कधी ना कधी दगा देते. क्लाउड वापरायचा नसेल, तर मूळ फोटो राखण्याची सगळी जबाबदारी घरावर येते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथे लागू पडतो : प्रत्येक फोटोच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली १ घराबाहेर. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसरी डिस्क भावा-बहिणीच्या घरी, एवढी व्यवस्था पुरते. घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्ड लावावा आणि तो विश्वासातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावा. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क जोडून फोटो खरोखर उघडतात का, हे पाहावे आणि नव्या वर्षाचे फोटो त्यांत भरावेत.

एवढी घडी बसली की फ्रेम हा व्यवस्थेतला सर्वांत सहज बदलता येणारा भाग ठरतो. काही वर्षांनी तिचा पडदा मंदावेल किंवा अडॅप्टर जाईल. तेव्हा मूळ फोल्डरमधून नव्या पडद्याच्या मापाच्या प्रती काढायच्या, नवे कार्ड भरायचे आणि नव्या फ्रेममध्ये घालायचे. आजोबांच्या लग्नातला फोटो त्याच क्रमाने, त्याच तारखेसह पुन्हा पडद्यावर येतो.